सहा तोफा आणि लोपीससर

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये जी प्रचंड सरोवरं आहेत, त्यांतल्या एकावर दोनशे वर्षांपूर्वी आरमारी युद्ध झालं. लढणाऱ्यांनी ते अडीच वर्षांत आटोपलं. मी ते अकरा वर्षं ऐकलं. रोज सकाळी शारजातल्या अल मजाजपासून दुबईतल्या अल बर्शापर्यंत आणि रोज संध्याकाळी तिथून परत. ऐकवणारे होते पास्कल लोपीस, मूळचे वसईचे, आमच्या माल पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रांच्या विभागाचे प्रमुख. मी महेश, त्यांचा असिस्टंट, त्यांच्याच टॉवरमध्ये पाच मजले खाली राहणारा, आणि दुर्दैवानं गाडीचा मालक. लोपीससरांनी आयुष्यात गाडी घेतली नाही. कुणाची तरी कारलिफ्ट घ्यायची म्हणून त्यांनी माझी घेतली.

सकाळी सहा दहाला ते खाली उभे असायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात डबा. दार उघडून आत बसायचे, पट्टा लावायचे आणि "तर महेश," म्हणून काल जिथं सोडलं होतं तिथून सुरू करायचे. "गुड मॉर्निंग" नाही, काही नाही. मध्ये ईदची आठवडाभर सुट्टी गेली असली तरी त्यांना जागा बरोबर आठवायची. मी एकदा मुद्दाम रेडिओ मोठा केला. त्यांनी तो शांतपणे बारीक केला आणि म्हणाले, "वाऱ्याची दिशा सांगतोय, नीट ऐक."

त्या युद्धात मोठमोठी जहाजं होती, कप्तान होते, लढाया होत्या. पण लोपीससरांना त्यातलं काही नको. त्यांना एकच जहाज माहीत. दोन डोलकाठ्यांचं, छोटंसं, मुळात पीठ आणि मीठ वाहण्यासाठी बांधलेलं. युद्ध लागलं तशी आरमाराला जहाजं कमी पडली, म्हणून ते विकत घेतलं आणि त्याच्यावर सहा तोफा चढवल्या. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आमच्या गाडीत त्याला 'धाकटी' म्हणायचे. धाकटीनं या किनाऱ्यावरचं पीठ त्या किनाऱ्यावर नेलं. शिपायांचे बूट नेले. तापानं फणफणलेली माणसं परत आणली. एकदा धुक्यात शत्रूच्या दोन जहाजांमधून निघाली आणि दोघांनाही पत्ता लागला नाही. हे शेवटचं जरा रंगतदार होतं, पण तेवढ्यासाठी मला आधी दोन महिने बूट ऐकावे लागले.

हे वेड त्यांना लागलं कसं? तरुणपणी ते मालवाहू जहाजावर कारकून होते. एका डिसेंबरात ते जहाज सरोवराकाठच्या एका बंदरात बर्फात अडकलं आणि एप्रिलपर्यंत निघालं नाही. वसईच्या पोराला ती थंडी सोसेना. गावातल्या चर्चच्या फादरनी दया येऊन वाचनालयाची किल्ली दिली, कारण तिथं शेगडी होती. शेगडीशेजारच्या कपाटात धाकटीच्या रोजच्या नोंदींची वही छापून ठेवलेली होती. लोपीससरांनी ती चार महिन्यांत तीनदा वाचली. त्या फादरनी त्यांना एखादी कादंबरी दिली असती तर माझं केवढं कल्याण झालं असतं, असं मी कितीदा तरी मनात म्हटलं आहे.

बरं, नुसती गोष्ट असती तर एकवेळ सोसली असती. त्या गोष्टीतून सरांनी एक तत्त्व काढलं होतं आणि ते ऊठसूट लावायचे. "वजन किती ते सगळे विचारतात. वजन कुठं आहे ते विचार." सहा तोफा डेकवर, म्हणजे वजन वर, खाली पोट रिकामं, अशी नाव वारा आला की कलंडणार, हे त्यांचं सगळं शास्त्र. त्यापायी ऑफिसातल्या सगळ्या जाड फायली त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. रोज लागणारी फाइल जाड, म्हणून रोज प्रत्येकानं उकिडवं बसायचं. सुपरमार्केटमधून निघाल्यावर माझ्या गाडीची डिकी ते पुन्हा लावायचे, तांदळाची गोणी बरोबर मधोमध. लिफ्टमध्ये जाड माणूस कोपऱ्यात उभा राहिला तर त्याला विनंती करून मधोमध घ्यायचे. ती विनंती इतकी नम्र असायची की त्या माणसाला रागही धड येत नसे.

एकदा दोन्ही कुटुंबं मिळून रास अल खैमाच्या डोंगरावर निघालो. टपावर सामान बांधलं होतं. अर्ध्या वाटेत, पेट्रोलपंपावर, सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पाण्याचे कॅन वर कुणी ठेवले?" मी ठेवले होते. झालं! भर उन्हात सगळं सामान उतरवलं, पुन्हा रचलं, मटणाचं पातेलं माझ्या बायकोच्या मांडीवर आलं. माझी मुलगी ईशा तेव्हा आठ वर्षांची. ती म्हणाली, "डॅड, इज अंकल ओके?"

"ही इज फाइन," मी म्हणालो. "मी नाही."

सरांची बायको, रिटावहिनी, सावलीत उभ्या राहून फुगे खात होत्या. फुगे म्हणजे वसईकडचे तळलेले, गोड पावासारखे गोळे. त्यांच्या हातचे फुगे हा या मैत्रीतला माझा एकमेव नफा. मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. तुम्ही पाच वर्षं ऐकताय, माझी पंचवीस झाली."

पुढे ईशाला शाळेत 'एक प्रसिद्ध जहाज' या विषयावर बोलायचं होतं. मी घरी नव्हतो, ती पाच मजले चढून लोपीस अंकलकडे गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं पंधरा मिनिटं धाकटी सांगितली. टीचरनी विचारलं, "विच बॅटल डिड इट विन?" ईशा म्हणाली, "नन, मॅम. इट कॅरीड शूज." वर्ग हसला, तिला 'सी' मिळाला आणि ती रडत घरी आली. मी तिला घेऊन तणतणत वर गेलो. सर दारातच म्हणाले, "सी? बरोबर आहे. धाकटीलाही सरकारनं तेवढेच मार्क दिले." मग त्यांनी ईशाला जवळ घेऊन विचारलं, बूट नसते तर बॅटल कुणी लढलं असतं? ती विचारात पडली आणि रडायची थांबली. मी जो भांडायला गेलो होतो तो फुगे खाऊन परत आलो.

मग ते पावसाचं आलं. त्या दिवशी इतका पाऊस पडला की शारजाचे रस्ते बुडाले. आम्ही दुपारी ऑफिसातून निघालो आणि घराच्या अलीकडे सात तास एका जागी उभे राहिलो. दाराच्या खालपर्यंत पाणी. फोन बंद पडत आलेले. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. लोपीससर म्हणाले, "तर महेश, आता वादळ."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पण पळणार कुठं? दार उघडलं तर पाणी आत येणार. म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण लक्ष देऊन ऐकलं.

ऑगस्टमधली संध्याकाळ. वारा पडलेला, सरोवर आरशासारखं, तीन मैलांवर शत्रूची जहाजं. सकाळी लढाई होणार म्हणून सगळ्या ताफ्याला हुकूम, तोफा भरून डेकवर तयार ठेवा. धाकटीच्या कप्तानानं आकाश पाहिलं, पाणी पाहिलं आणि आपल्या सहाही तोफा दोर लावून खाली पोटात उतरवल्या. शेजारच्या जहाजांवरचे लोक हसले. ताफ्याच्या मुख्यानं माणूस पाठवून विचारलं, डोकं फिरलंय का? शत्रू समोर आणि युद्धजहाजावर एक तोफ नाही? कप्तानानं निरोप पाठवला, सकाळी वर आणतो. मध्यरात्रीनंतर एकदम वारा सुटला. तोफा डेकवर असलेली दोन जहाजं मिनिटभरात कलंडली आणि तोफांशेजारी झोपलेली माणसं त्यांच्यासकट तळाला गेली. धाकटी आडवी झाली, पुन्हा उभी राहिली.

सर बोलायचे थांबले. बाहेर पोलिसांची बोट रस्त्यावरून चालली होती.

"मग कप्तानाला मेडल मिळालं असेल," मी म्हणालो.

"पाणी उतरतंय," सर म्हणाले. "ब्रेक सोड."

यानंतर वर्षभरात ऑफिसात दोन गोष्टी घडल्या. मला बढती मिळून मी सरांचा साहेब झालो, आणि सरांनी साठी गाठली. म्हणजे आता त्यांचं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवं व्हायला हवं. नोकरी आहे तोवर व्हिसा, आणि त्यांच्या व्हिसावर रिटावहिनी आणि मुलगी शेरिल. शेरिल अजमानला फार्मसी शिकत होती, तिचं दीड वर्ष राहिलं होतं. सरांनी गाडीत एकदाच, धाकटीला बाजूला ठेवून, मला सांगितलं, "दोन रिन्यूअल हवीत, महेश. शेरिल पास झाली की आम्ही वसईला. जास्त मागत नाही." मी म्हणालो, "सर, मी आहे ना." मनापासून म्हणालो होतो.

पहिलं रिन्यूअल चार आठवड्यांवर आलं असताना ती ढाऊ आली. ढाऊ म्हणजे लाकडी गलबत. खाडीच्या धक्क्यावरून अजूनही त्यातून सोमालियाकडे माल जातो. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल होता. गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि रास अल खैमाच्या कारखान्यातल्या टाइल्स. टाइल्सचे ट्रक उशिरा आले. तोवर खलाशांनी गाद्या-खुर्च्या पोटात भरून टाकल्या होत्या. टाइल्स आल्या त्या वर डेकवर चढवल्या. आमच्या कागदावर मात्र नेहमीप्रमाणे छापलं होतं की जड माल खाली, हलका वर. त्याखाली लोपीससरांची सही हवी होती.

असल्या कागदावर सही करणारा माणूस एसीत बसून करतो. लोपीससर टॅक्सी करून धक्क्यावर गेले. तिथून त्यांचा फोन आला.

"महेश, वजन वर आहे."

"सर, रोज जातात अशा ढाऊ."

"रोज जातात त्यांचा कागद माझ्याकडे येत नाही. हा आलाय. सगळं उतरवून पुन्हा भरायला एक दिवस लागेल."

"एक दिवस नाहीये, सर! गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलंय!"

"मग कागदावर लिहू या, टाइल्स वर आहेत. खरं तेच लिहू, मी लगेच सही करतो."

तसं लिहिलं असतं तर विमावाल्यानं हात वर केले असते, हे त्यांना माहीत होतं. मी फोनवर ओरडलो. अकरा वर्षांचं सगळं साठलेलं बाहेर आलं. म्हणालो, "सर, ही तुमची धाकटी नाही, हा धंदा आहे! इथं दोनशे वर्षांपूर्वीचं सरोवर कशाला आणता?" मग ते म्हणाले, "तू चिडू नकोस. तुला पण सहीचा अधिकार आहे. तू ठरव." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी सही केली. अल बर्शात, एसीत बसून. ढाऊ त्याच संध्याकाळी सुटली.

प्रवास दहा दिवसांचा. मला त्या दहा दिवसांत जेवण गेलं नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काम, फोनवर समुद्राचं हवामान. गाडीत सर बसायचे, पट्टा लावायचे, आणि "तर महेश" म्हणायचे नाहीत. मी विचारलं, "रागावलात?" ते म्हणाले, "नाही रे. अकरा माणसं आहेत तिच्यावर. तिच्या कप्तानाचा धाकटा भाऊ पण आहे. काही सुचत नाही." ते रोज धक्क्यावरच्या एका कच्छी दलालाला फोन करून बातमी विचारायचे, आणि मी रोज तो फोन होईपर्यंत श्वास रोखून बसायचो.

अकराव्या दिवशी ढाऊ पोचली. एक टाइलसुद्धा फुटली नव्हती.

तुम्हाला वाटेल सरांचं तोंड उतरलं असेल. मी तर त्याचीच वाट बघत होतो. "पाहिलंत ना!" असं वाक्य मी तयार ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सर फुग्यांचा मोठा डबा घेऊन आले आणि सगळ्या ऑफिसला वाटत सुटले. "पोचली, पोचली," सांगत होते. माझ्यासमोर डबा धरून म्हणाले, "दोन घे. तुझं बरोबर निघालं." या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी एकच घेतला. मी सुटलो होतो तो वारा सुटला नाही म्हणून, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पण जनरल मॅनेजरना फुगे पुरले नाहीत. गिऱ्हाइकानं तक्रार केली होती की तुमच्या माणसानं धक्क्यावर माल अडवून आमचा अपमान केला. जीएमनी मला बोलावलं. "महेश, टेल हिम टू से सॉरी. वन लाइन. मी क्लायंटला फॉरवर्ड करतो, रिन्यूअल साइन करतो, खलास."

एक ओळ! मी ती स्वतः लिहिली, लोपीससरांच्या कॉम्प्युटरवर, त्यांच्या खुर्चीत बसून. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आणि माझ्या चुकीच्या निर्णयाबद्दल मी दिलगीर आहे.' म्हटलं, "सर, फक्त बटण दाबा. शेरिलसाठी दाबा." त्यांनी चष्मा लावून वाचलं. इंग्रजीतला एक स्वल्पविराम हलवला. म्हणाले, "गैरसोयीबद्दल लिहितो. चुकीच्या निर्णयाबद्दल कसं लिहू?"

"खोटं लिहा! एक ओळ खोटं लिहिलं तर काय बिघडतं?"

"मी जरा विचार करतो," ते म्हणाले. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी जीएमच्या इनबॉक्समध्ये पाच पानांचं पत्र होतं. पहिल्या परिच्छेदात गैरसोयीबद्दल माफी, अगदी मनापासून. आणि मग, देवाशपथ सांगतो, धाकटी! पीठ, मीठ, बूट, सहा तोफा, वादळ, सगळं. जीएमनी प्रिंट काढून माझ्यासमोर टाकलं आणि विचारलं, "इज ही मॅड?"

मी ते पत्र जागेवर नेऊन वाचलं. चार पानं मला पाठ होती. पाचवं नवीन होतं. वादळानंतर ताफ्याच्या मुख्यानं त्या कप्तानाला काढून टाकलं होतं. वादळ आलं हा योगायोग, हुकूम मोडला ही गोष्ट खरी, असं त्यानं वर कळवलं. कप्तानाला किनाऱ्यावरच्या कोठारात खारवलेल्या मांसाच्या पिंपांवर नेमलं आणि युद्ध संपेपर्यंत तो तिथंच राहिला. धाकटी दुसऱ्याच्या हाताखाली चालत राहिली. त्याखाली लोपीससरांनी लिहिलं होतं की, मला पुढे काय होतं ते माहीत आहे, साहेब. तरी तुम्हाला योग्य वाटेल ते करा, माझा राग नाही.

म्हणजे पुरात सात तास माझ्या शेजारी बसून या गृहस्थानं शेवट लपवला होता. मी त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. ते खालच्या कप्प्यातली जाड फाइल काढायला उकिडवे बसले होते. मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका कधी आला नव्हता, आणि माझी स्वतःची लाज वाटली तितकीही कधी वाटली नव्हती. मी जीएमकडे परत गेलो, माझी सहीच चूक होती असं सांगायला. दारापर्यंत गेलो. आत दुसरी मीटिंग चालू होती. मी थांबलो नाही, आणि नंतरही गेलो नाही.

रिन्यूअल झालं नाही. शेरिलला कॉलेजनं आपल्या व्हिसावर घेतलं, हॉस्टेलमध्ये खोली मिळाली, आणि शनिवार-रविवार ती एका बेकरीत काम करणार असं ठरलं. आईबाप वसईला जाणार आणि पोरगी इथं एकटी राहणार. रिटावहिनी पंधरा दिवस सामान बांधत होत्या आणि रडत होत्या. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, ते मात्र मला जड गेलं.

विमानतळावर मीच सोडलं. शारजा विमानतळ, चेक-इनची रांग, मागे तीस-चाळीस माणसं. सरांनी मोठी बॅग पट्ट्यावर ठेवली. आकडा बत्तीसच्या जरा पुढे गेला. परवानगी तीस किलोंची. काउंटरवर फिलिपिनो मुलगी होती. तिनं रिटावहिनींचे सुजलेले डोळे पाहिले असावेत. हळूच म्हणाली, "इट्स ओके, सर. आय विल पुट थर्टी."

"नो, मॅडम," लोपीससर म्हणाले. "यू वेट. आय विल मेक इट थर्टी."

आणि त्यांनी बॅग खाली घेतली. पट्टे सोडले, चेन उघडली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून विमानतळाच्या फरशीवर गुडघे टेकून बसले. साड्या बाहेर आल्या, औषधं आली, खजुराची खोकी आली, टॉवेलात गुंडाळलेला कुकर आला. ती मुलगी काउंटरवरून वाकून "सर, प्लीज, सर" करत होती. वहिनी म्हणाल्या, "पास्कल, आज तरी!" शेरिल कुकर छातीशी धरून उभी राहिली. "पपा, पीपल आर वेटिंग," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

सरांनी वर पाहिलं. "कुकर तुला राहू दे. हॉस्टेलवर भात लावशील," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली पाहून साड्यांच्या घड्या घालू लागले. घड्या नीट पडत नव्हत्या. एकाच साडीची घडी त्यांनी तीनदा मोडली.

रांगेतून मागून कुणीतरी म्हणालं, "यल्ला, अंकल, जल्दी करो! दो किलो से क्या जहाज गिरेगा?"

हेच वाक्य मी अकरा वर्षं या ना त्या शब्दांत त्यांना म्हणत आलो होतो. मी मागे वळलो. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. त्याच्या कडेवर झोपलेलं मूल होतं. तरी मी दोन्ही हात पसरून रांगेसमोर आडवा उभा राहिलो आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो, "रुको! जब तक उनका नहीं होता, कोई आगे नहीं जाएगा!"